महिन्याला अकरा खाडे

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): वय १८. गाव सातपुड्यातला एक पाडा. नाशिकला आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहतो. वसतिगृहात मेस नाही. जेवणाचे महिन्याला ३,५०० रुपये डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, खात्यात येतात, पण गेल्या तीन महिन्यांचे आलेले नाहीत. त्यातले १,५०० तो दर महिन्याला घरी पाठवतो. पैसे आले नाहीत त्या महिन्यांतही त्याने पाठवले: ३,००० खोलीतल्या मित्राकडून उसने घेऊन, बाकीचे लग्नाच्या केटरिंगला वाढपी म्हणून रात्री काम करून. मेसला एकवेळचं जेवण लावलं होतं, त्यातही खाडे टाकायचा. मेसची उधारी ४,२०० झाल्यावर मेसवाल्या काकूंनी ‘आधी मागचं बघ’ असं सुनावलं, तेव्हापासून तो तिकडे फिरकलेला नाही. मागच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये व्हाइसपाशी (लोखंड पकडून ठेवायच्या शिकंज्यापाशी) उभा असताना त्याला चक्कर आली. ट्रेडचे सर आता स्वतःच्या डब्यातली पोळी देतात, पण ती घ्यायला जीव धजत नाही. तो विचारतो: ‘ताई, जेवणाचे सरकारी पैसे घरी पाठवतो म्हणजे मी चोरी करतोय का? आणि असं उधारीवर शिकण्यापेक्षा आयटीआय सोडून ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागू का? रोज ५०० देतो म्हणतोय.’

—

तुझं पत्र वहीच्या पानांवर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे आणि शेवटी तू हिशेब मांडलायस. त्यात ‘खाडे – ११’ ही ओळ जमेच्या बाजूला आहे. तिथेच मी थांबले.

माझी आई खाणावळ चालवायची. पंचवीस-तीस मेंबर असायचे, बहुतेक शिकणारी पोरं. हिशेबाच्या वहीत प्रत्येकाला एक पान, सकाळ-संध्याकाळच्या दोन रेघा, आणि जो कळवून येणार नाही त्याच्या तारखेला गोल. तो गोल म्हणजे खाडा. महिनाअखेरीला गोल मोजून बिलातून पैसे वजा करायचं काम माझं. एकदा एका पानाकडे बघून आई म्हणाली, ‘ह्याचं काहीतरी बिनसलंय.’ मी विचारलं, कशावरून? तर म्हणाली, गावी जाणाऱ्या पोराचे खाडे एकाला एक लागून येतात, ह्याचे बघ, एक इथे, एक तिथे. पैसे वाचवायला उपाशी राहणाऱ्याचे गोल असे विखुरलेले असतात. तुझे अकरा खाडे कोणत्या तारखांचे आहेत ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला ते दिसतात.

आता चोरीचं. नाही, तू चोर नाहीस. स्वतःच्या ताटातलं काढून घरी देणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. ‘सरकारला फसवतोय’ हा विचार डोक्यातून काढून टाक, त्याने झोप तेवढी जाईल. पण त्या विचाराच्या पोटात दुसरी एक समजूत आहे, ती मला जास्त खटकते. ती अशी की हे ३,५०० म्हणजे तुझी मिळकत आहे आणि कमावत्या मुलाने घरी हातभार लावायचा असतो. मिळकत नाही रे ती. ते जेवण आहे, फक्त पैशाच्या रूपात आलेलं.

या गोष्टीवर आपल्याकडे एकदा चांगला खल झालेला आहे. १९९५ साली शाळेतल्या पोषण आहाराची केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायला द्यायचे. पिशवी घरी गेली की धान्य घराचं व्हायचं. आजी, बाप, धाकटी भावंडं, आला-गेला पाहुणा, सगळे त्यातच. त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं, घर असंच चालतं. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या. शाळेच्या पडवीत बसून खाल्लेली खिचडी त्या पोराच्याच पोटात जाते. तूही ती आठवीपर्यंत खाल्ली असशील, किंवा आश्रमशाळेत असलास तर दहावीपर्यंत दोन्ही वेळा ताट समोर आलं असेल. त्या ताटातली अर्धी भाकरी बांधून गावी पाठवावी असं तेव्हा तुझ्या कधी मनात आलं होतं का?

मग २०१८ साली तुमच्या विभागाने शहरांतल्या वसतिगृहांच्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं. त्या जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. तू तेव्हा लहान असशील. मागणी साधी होती: पैसे नकोत, मेस द्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. ठेकेदाराच्या मेसमधल्या पाणीदार डाळीच्या तक्रारी काही खोट्या नव्हत्या, आणि पैसे हातात आले तर आपल्या आवडीचं खाता येईल असं म्हणणारी मुलंही होती. पण ताटाचे पैसे झाले की ते पुन्हा त्या पिशवीसारखे होतात. आता तुझ्या भुकेशेजारी घरातली प्रत्येक गरज रांगेत उभी आहे, आणि त्या रांगेत तू स्वतःला शेवटी उभं केलंयस. हे तुझ्या एकट्याच्या स्वभावामुळे झालेलं नाही. पैसा खात्यात आला की असं होतंच, आणि म्हणूनच त्याला बांध तुलाच घालावा लागणार आहे.

घरी नक्की कशासाठी पाठवतोस? पत्रात चार ठिकाणी ‘घरी’ म्हटलंयस आणि एकाच ठिकाणी, जाता जाता, ‘दादाच्या गाडीचा हप्ता ३,००० आहे, अर्धा मी देतो’. बहीण आश्रमशाळेत आहे, म्हणजे तिचं राहणं-जेवण तिकडे होतं. रेशनचं धान्य मोफत मिळतं. म्हणजे तुझ्या १,५०० वर घरची चूल अवलंबून नाही, मोटरसायकल अवलंबून आहे. मी तुझ्या दादाला वाईट ठरवत नाही. पाड्यावरून द्राक्षाच्या छाटणीला जायचं तर गाडी लागते, आणि गाडी ओढून नेली तर घराची अब्रू जाते, मला कळतं. पण मला सांग, दादाला माहीत आहे का की त्याच्या हप्त्याचा अर्धा भाग तुझ्या रात्रीच्या जेवणातून जातो? माझी खात्री आहे की माहीत नाही. तू फोनवर ‘हो, जेवलो’ म्हणतोस. तिकडे सगळ्यांना वाटतं की पोराला साडेतीन हजार मिळतात, त्यातून दीड सहज सुटतात.

तेव्हा दादाशी बोल. ‘माझं भागत नाही’ एवढं म्हटलंस तर ते रडगाणं वाटेल. आकडे सांग. दोन वेळची मेस २,८००, एक वेळची १,६००. तीन महिने एक रुपया आलेला नाही. मेसचे ४,२०० आणि मित्राचे ३,००० डोक्यावर आहेत. मागच्या आठवड्यात चक्कर आली. एवढं सांगून गप्प बस, पुढचं त्याला बोलू दे. हप्ता जमणार नसेल तर फायनान्सवाल्याकडे तारीख चुकण्याआधी जायचं आणि मुदत वाढवून मागायची. हप्ता बाउन्स झाल्यावर दंड वाढतो आणि समोरच्याचा आवाजही. आणि गाडी घेताना तुझीही कुठे जामीनदार म्हणून सही घेतली आहे का, तेवढं विचारून ठेव. अठरा पूर्ण झालेल्या धाकट्या भावाची सही घ्यायला कुणी फार विचार करत नाही.

अडकलेल्या पैशांकडे येऊ. तीन महिन्यांचे १०,५०० होतात. ते आले की आधी मेसचे ४,२००, मग मित्राचे ३,०००. उरले ३,३००. त्यातून लगेच, त्याच दिवशी, पुढच्या महिन्याच्या दोन वेळच्या जेवणाचे २,८०० आगाऊ. मागे राहतात ५००. साबण, रिचार्ज, ड्रॉइंगशीट. या हिशेबात हप्ता बसत नाही, कितीही वेळा मांडलास तरी.

पण पैसे का आले नाहीत हे शोधलंस का? ‘सगळ्यांचेच अडकलेत’ असं तू लिहितोस आणि पुढच्याच ओळीत ‘शेजारच्या खोलीतल्या दोघांचे आले’ असंही लिहितोस. दोन्ही खरं असू शकत नाही. आधी आधारच्या संकेतस्थळावर जाऊन तुझा आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते बघ. आधारवरून येणारे पैसे तू अर्जात लिहिलेल्या खात्यातच येतात असं नाही, ते आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. नवीन सिमकार्ड घेताना दुकानदाराने मशीनवर दोनदा अंगठा लावून घेतला आणि भलत्याच पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं, असं पुष्कळांचं झालंय. पैसे तिथे पडून राहतात आणि मुलगा इकडे पासबुक भरून भरून थकतो. तसं असेल तर तुझ्या नेहमीच्या बँकेत जाऊन आधार पुन्हा जोडून देण्याचा फॉर्म भरायचा.

तिथे सगळं ठीक असेल तर गृहपालांकडे लेखी अर्ज कर. एक पान पुरे: नाव, प्रवेशाची तारीख, कोणत्या महिन्यांचे पैसे आले नाहीत, खाते क्रमांक, सोबत पासबुकाची झेरॉक्स. दोन प्रती काढ, आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नकोस. तोंडी विचारलंस तर ‘वरून आले नाहीत’ एवढंच उत्तर मिळेल, आणि त्याला पोच नसते. पंधरा दिवसांत हललं नाही तर तीच प्रत जोडून आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात आवक टेबलाला दे, आणि राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर तक्रार टाक. ज्यांचे अडकलेत त्या सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करा. वीस सह्यांचा कागद फाइलखाली जायला जरा वेळ लागतो.

यापुढे पैसे आले की ते फोनवरच्या यूपीआयच्या खात्यात ठेवू नकोस. शून्य शिल्लक चालणारं साधं बचत खातं कोणत्याही बँकेत मिळतं. जेवणाचे पैसे त्यात टाक आणि ते खातं फोनला जोडू नकोस. ‘जरा पाचशे टाक ना’ असा निरोप आला तर ‘आत्ता नाहीत’ म्हणताना तुला खोटं बोलावं लागणार नाही.

सरांच्या पोळीबद्दल तू अख्खं पान लिहिलंयस आणि ‘लाचारी’ हा शब्द तीनदा वापरलायस. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही. ती पोरं जेवली. ती जेवली नसती, संकोचाने उठून गेली असती, तर त्या मंगळसूत्राचं काय मोल राहिलं असतं? सर तुला दुपारी पोळी देतात त्याचं एक रोकडं कारणही आहे. छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या, ग्राइंडरवर जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडाचा तुकडा, धरणाऱ्या पोराचा हात भुकेने कापला तर बोट जातं. तुमच्या ट्रेडमध्ये पोटात अन्न असणं हे गॉगल लावण्याइतकंच सेफ्टीत मोडतं, आणि सरांना ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. घे ती पोळी. फारच जड वाटत असेल तर पैसे आले की एक दिवस त्यांच्यासाठी गावाकडची नागलीची भाकरी घेऊन जा. पण आज घे.

त्यांना खरी गोष्टही सांग, अर्धवट नको. संस्थेतून प्रकल्प कार्यालयाला एक पत्र गेलं तर तुझ्या अर्जाला जोर येईल. आणि तुझ्यासारखा तू एकटा नसशील.

आयटीआय सोडायचा विचार पाच महिन्यांवर परीक्षा आलेली असताना करतोयस, म्हणून विचारते, ५०० रोज म्हणजे महिन्याचे किती? तू १५,००० धरलेत. हेल्परला महिन्याचे तीसही दिवस काम मिळतं का? पावसात? साइट संपल्यावर? आयटीआय सोडलंस की वसतिगृहातली खाट जाते, मग खोलीचं भाडं आलं, आणि जेवण तर तेव्हाही विकतच घ्यावं लागेल. वजाबाकी करून बघ. शिवाय पाच महिन्यांनी हातात सर्टिफिकेट आलं तर अप्रेंटिसशिप आहे, तिथे स्टायपेंड मिळतो, आणि पुष्कळ मोठ्या कारखान्यांत कॅन्टीनही असतं. हेल्परचं काम तेव्हाही मिळेल, ते कुठे पळून जात नाही. दीड वर्ष फाइल घासून जॉबचा काटकोन जमवायला शिकलास, त्याचा कागद न घेता निघालास तर ठेकेदाराच्या लेखी तू पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखाच.

केटरिंगचं मात्र पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही. शनिवारी रात्री एखादं लग्न ठीक आहे, तिथे जेवणही होतं. पण मधल्या वारी रात्री दोनला परत येऊन सकाळी मशीनवर उभं राहायचं नाही.

चक्कर येणं ही नुसत्या भुकेचीच गोष्ट आहे असं गृहीत धरू नकोस. सरकारी दवाखान्यात जा, हिमोग्लोबिन तपासून घे, आणि तू ज्या पट्ट्यातून येतोस तिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळांना असतो, तेव्हा ती तपासणीही मागून घे. तपासणीचं कार्ड मिळालं तर जपून ठेव.

पैसे येईपर्यंतच्या दिवसांचं काय, हा तुझा खरा प्रश्न आहे, मला माहीत आहे. शहरात शिवभोजन केंद्र चालू असेल तर १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. दुपारची वेळ ठरलेली असते आणि थाळ्या मोजक्याच, त्यामुळे कोणतं केंद्र चालू आहे ते आधी विचारून ठेव. खोलीवर शेंगदाणे, गूळ, फुटाणे ठेव. वडापाव पोट भरल्यासारखं करतो आणि दोन तासांनी दगा देतो. खोलीत तिघे असाल तर दोन फुल डबे तिघांत पुरतात, त्यात नुसता भात वाढवून मागायचा. मेसवाल्यांना भात वाढवायला फारसं जड जात नाही.

हे पत्र छापायला घेतलं तेव्हा दोन मुलींची पत्रंही समोर होती. त्यांची अडचण वेगळी आहे. पैसे वेळेवर येतात, पण मेस वसतिगृहापासून लांब आणि रात्रीचा रस्ता अंधाराचा, म्हणून रात्रीचं जेवण बिस्किटांवर. त्यांनी आठ-दहा जणींचे डबे एकत्र लावावेत. एवढे डबे एकाच दारात द्यायचे असतील तर कुणीही पोचवून देतं, आणि गृहपालांकडून डबेवाल्याला आत यायची परवानगी लेखी घ्यावी. आयटीआयच्या निदेशकांनाही, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांनाही, एक विनंती: एखाद्या पोराला सगळ्यांसमोर पोळी देऊ नका. स्टोअरच्या टेबलावर शेंगदाणे-गुळाची बरणी ठेवा, येता-जाता कुणीही मूठभर उचलावी अशी. कुणी किती घेतलं ते बघू नका. आणि ज्यांची मुलं अशी बाहेर शिकतात त्या आईवडिलांनी फोनवर ‘जेवलास का’ विचारू नये, ‘काय जेवलास’ विचारावं. त्याचं खोटं उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.

राहिल्या काकू. तू त्यांना घाबरून मेसचा रस्ताच बदललायस, बस स्टॉपला वळसा घालून जातोस. आईच्या वहीत उधारी नेहमीच असायची. पैसे महिनाभर उशिरा देणाऱ्यांवर ती कधी चिडली नाही. चिडायची ती तोंड चुकवणाऱ्यांवर, कारण त्यांच्यासाठी कणीक भिजवायची की नाही हे तिला कळायचं नाही. ‘आधी मागचं बघ’ म्हणजे ‘येऊ नकोस’ असं नव्हे. अर्जाची पोच घेऊन जा, पैसे कुठे अडकलेत ते दाखव, खिशात असतील तेवढे, दोनशे का होईना, त्यांच्या हातावर ठेव, आणि वहीवर तुझ्यासमोर मांडून घे. उरलेल्याची तारीख तू स्वतः सांग. जाताना एवढंच बघ की साडेपाचच्या आत पोचशील, रात्रीची कणीक मळायला घ्यायच्या आधी.